इलेक्ट्रिक गाडीतली टचस्क्रीन : घेण्याआधी काय तपासायचं, घेतल्यावर काय करायचं (ठाणे-नवी मुंबई)

घोडबंदर_शून्य_किमी (धागाकर्ता)

रेंज, चार्जर, सोसायटीची एनओसी यांवर इथे भरपूर धागे आहेत. हा धागा फक्त डॅशबोर्डच्या मधोमध बसलेल्या काचेच्या पाटीबद्दल. एसी, पंखा, आरसे, हेडलाइट, रीजनची (पाय उचलल्यावर गाडी स्वतः मंदावून बॅटरी भरते त्याची) पातळी आणि काही गाड्यांत वायपरचा वेगसुद्धा त्या पाटीत गेलाय. नॉब गेले, गाडी 'प्रीमियम' झाली.

आधी हिशेब. ताशी ६० किमी वेगाला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. दोन सेकंद खाली बघितलं की ३३ मीटर, म्हणजे एसटीच्या तीन गाड्या एकामागे एक उभ्या केल्यावर होईल साधारण तेवढं अंतर. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ता-सुरक्षा संस्थेने २०१३ साली ऐच्छिक मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलंय की एका वेळी नजर रस्त्यावरून २ सेकंदांहून जास्त हटू नये आणि एक काम एकूण १२ सेकंदांच्या नजरेत उरकावं. ६० च्या वेगाला १२ सेकंद म्हणजे २०० मीटर. घोडबंदर रोडवर पावसाळ्यात २०० मीटरमध्ये किती खड्डे येतात ते मोजायचं काम वाचकांवर सोडतो.

मी कामांचे तीन ढीग करतो. पहिल्यात चालत्या गाडीत, रस्त्यावरची नजर न काढता करावी लागणारी कामं : वायपर, समोरच्या काचेचं डिफॉग (बाष्प घालवणं), हॅजार्ड (चारी इंडिकेटर एकदम), हॉर्न, हेडलाइट-डिपर, आवाज, पंख्याचा वेग, तापमान. दुसऱ्यात सिग्नलला उभं राहिल्यावर चालतील अशी : नकाशात पत्ता टाकणं, गाणी बदलणं, सीटचं व्हेंटिलेशन. तिसऱ्यात पार्किंगमध्येच करायची : आरसे, चार्जिंगची मर्यादा, प्रोफाइल, अपडेट. पहिल्या ढिगातलं काम स्क्रीनच्या पोटात गेलं की माझी तक्रार सुरू होते. बाकीचं स्क्रीनवर असेना का.

एक विनंती. इथे विकल्या जाणाऱ्या गाड्यांची मांडणी कशी असते ते लिहा, 'अमकी कंपनी भंगार' नको. त्यासाठी दुसरे धागे पेटलेले आहेतच.

पामबीच_पॅसेंजर

रुमाल टाकतो आणि एक आकडा देतो.

स्वीडनच्या 'वी बिलॅगारे' या मासिकाने २०२२ मध्ये ११ नव्या गाड्या आणि २००५ ची एक जुनी व्होल्वो व्ही७० विमानाच्या धावपट्टीवर नेल्या. वेग ताशी ११० किमी. चालकांना गाडीची सवय व्हायला आधी वेळ दिला होता. कामं चार : सीट गरम करून तापमान २ अंशांनी वाढवणं आणि डिफ्रॉस्टर लावणं, ठरावीक रेडिओ स्टेशन लावणं, ट्रिप मीटर शून्यावर आणणं, डॅशबोर्डचा उजेड कमी करून मधली स्क्रीन बंद करणं. बटणवाल्या व्हॉल्वोला १० सेकंद आणि ३०६ मीटर लागले. सगळ्यात मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आरला ४४.९ सेकंद आणि १३७२ मीटर.

१३७२ मीटर. वाशीच्या खाडीपुलावर चढून हे काम सुरू केलं तर पुलाचा बराचसा भाग ओलांडला तरी चालूच असेल.

सर्किटवाला

बटणं का गेली, ते आधी बघू. नुसती फॅशन म्हणून सोडून दिलं तर पुढची चर्चा चुकते.

एका बटणाला साचा लागतो, मागे सर्किटची छापील पाटी लागते, दिवा, कनेक्टर, वायर, शिवाय हजारो वेळा दाबून चाचणी. वरच्या मॉडेलमध्ये फीचर आहे आणि खालच्यात नाही, तर तिथे आंधळं झाकण बसवावं लागतं. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. कॅमेरा म्हणजे स्क्रीन आलीच. मग हिशेबवाल्यांनी विचारलं, स्क्रीन आहेच तर बटणांचे पैसे कशाला? शिवाय बटणाची जागा गाडी बाजारात यायच्या दोन वर्षं आधी नक्की करावी लागते, मेनू मात्र गाडी विकल्यावरही बदलता येतो. तो तसा बदलतातही, तीच तर पंचाईत.

दुसरा मुद्दा थोडा तांत्रिक आहे. आजचं बहुतेक बटणही मोटारीला थेट वीज देत नाही. ते 'मला दाबलं' एवढा निरोप बॉडी कंट्रोल मॉड्यूलला (दिवे, वायपर वगैरे सांभाळणाऱ्या संगणकाला) पाठवतं. त्यामुळे 'बटण म्हणजे मेकॅनिकल, म्हणून भरवशाचं' हे अर्धंच खरं. निरोपाचा रस्ता इन्फोटेनमेंटच्या, म्हणजे स्क्रीनच्या, संगणकातून जातो की त्याला वळसा घालून, ते महत्त्वाचं. ब्रेक, स्टिअरिंग, मोटर, इंडिकेटर यांचे संगणक वेगळे असतात, स्क्रीन हँग झाली तरी गाडी चालत राहते. एसी आणि डिफॉगचं एकमेव बटण जर स्क्रीनवर असेल, तर स्क्रीनसोबत तेही जातं.

हे घडून गेलंय. टेस्लाने २०२१ मध्ये सुमारे १,३५,००० मॉडेल एस आणि एक्स परत बोलावल्या. त्यांच्या स्क्रीनच्या संगणकातली ८ जीबीची फ्लॅश मेमरी सतत नोंदी लिहून झिजत होती. फ्लॅशवर ठरावीक वेळाच लिहिता-पुसता येतं, ती मर्यादा संपली की स्क्रीन काळी. तिच्यासोबत मागचा कॅमेरा आणि काचेच्या डिफॉगचं नियंत्रणही जायचं. बिघाड चिपमध्ये होता, पण सगळी कामं एकाच काचेच्या गळ्यात बांधणं हा निर्णय माणसांचा.

स्क्रीनप्रेमी_ऐरोली

विरोधी पक्ष म्हणून हजर. नकाशा, चार्जरची यादी, ३६० अंशांचा कॅमेरा, बॅटरीचं तापमान हे सगळं मोठ्या स्क्रीनवरच बरं दिसतं. माजिवड्याच्या पुलाखाली कुठली लेन धरायची हे चार इंची पट्टीवर कळत नाही. आणि एसी ऑटोवर २४ ला ठेवा, वायपर ऑटोवर, हेडलाइट ऑटोवर. हात लावायची वेळच येत नाही. लोक ऑटो बंद ठेवतात आणि मग बटण शोधत बसतात.

गायमुख_घाट

@स्क्रीनप्रेमी, एसीबद्दल सहमत. वायपरबद्दल नाही.

पावसाचा सेन्सर आरशाच्या मागे काचेला चिकटवलेला असतो. तो काचेत तिरका इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. बाहेरची बाजू कोरडी असेल तर प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन सेन्सरकडे परत येतो. थेंब असेल तर त्यातला काही बाहेर निसटतो. परतीचा प्रकाश जितका कमी, तितका वायपर जोरात. सेन्सरचं नातं फक्त आपल्या बोटभर जागेशी. घाटात पुढच्या ट्रेलरच्या चाकांतून उडालेला चिखलाचा फवारा ड्रायव्हरच्या समोर आला आणि सेन्सरवर आला नाही, तर ऑटो ढिम्म हलत नाही. काचेवर पाणी घसरवणारं कोटिंग केलं की थेंबाचा आकार बदलतो आणि सेन्सरचा अंदाजही. काच बदलताना सेन्सरखालच्या जेलच्या गादीत हवेचा बुडबुडा राहिला तर कोरड्या उन्हात वायपर नाचतो.

म्हणून ऑटो कितीही चांगलं असलं तरी 'आत्ता एकदा पुस' हे काम बोटाला न बघता सापडलंच पाहिजे. दांडीच्या टोकाचं बटण असो की दांडी एकदा खाली ओढणं असो, चालेल. दांडीवर एक फटका आणि वेग मात्र स्क्रीनवर, अशी अर्धीमुर्धी मांडणीही असते. ती असेल तर फटका मारल्यावर स्क्रीनवर वेगाचा पर्याय आपोआप उघडतो का ते बघा.

जर्मनीत एकाने पावसात टेस्लाच्या स्क्रीनवर वायपरचा वेग बदलताना गाडी रस्त्याबाहेर घातली. कार्ल्सरूहच्या वरिष्ठ न्यायालयाने २०२० मध्ये २०० युरो दंड आणि एक महिन्याची वाहनबंदी कायम केली. गाडीत बसवलेली स्क्रीन हेही इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे, तिच्याकडे क्षणभर नजर टाकायची मुभा आहे आणि तुम्ही तेवढ्यात थांबला नाहीत, असा एकूण अर्थ. वायपर हा सुरक्षेचाच भाग आहे हा युक्तिवाद चालला नाही.

कोपरखैरणे_सेक्टर

मग आपल्याकडेही मोबाइलसारखा दंड होऊ शकतो का?

सर्किटवाला

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, गाडी चालवताना हातात धरायचं संपर्क-उपकरण वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय. डॅशबोर्डला घट्ट बसवलेली स्क्रीन हातात धरायची नसते. पण कलमाचा मूळ गाभा धोकादायक पद्धतीने चालवणं हा आहे. स्क्रीन बघताना पुढच्याला ठोकलं तर 'कंपनीनेच तिथे बटण दिलं' हे उत्तर पुरेल या भ्रमात राहू नका.

सरिता_खारघर

एका गोष्टीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालंय : आपण उजवीकडे बसतो.

अमेरिका, चीन आणि युरोपचा बहुतेक भाग डावीकडे बसून गाडी चालवतो. या स्क्रीनची मूळ मांडणी तिथली. चालकाला लागणारी पट्टी स्क्रीनच्या डाव्या कडेला, म्हणजे तिथल्या चालकाच्या हाताशी. इथे गाडी आणताना स्टिअरिंग उजवीकडे जातं, पट्टी मात्र कधीकधी डावीकडेच राहते. १५.६ इंची स्क्रीन म्हणजे १६:९ च्या प्रमाणात ३४.५ सेंमी रुंद. पट्टी डाव्या कडेला राहिली तर बोटाला जवळच्या कडेपासून आणखी एक फुटाहून जास्त लांब जावं लागतं, खांदा सीटवरून सुटतो आणि खांद्यासोबत स्टिअरिंगवरचा उजवा हातही थोडा वळतो. १२.३ इंची लांबट स्क्रीन २९ सेंमी रुंद पण उंची जेमतेम ११ सेंमी, तिथे लांबीसोबत चिन्हांची दाटीही होते.

त्यात हे सगळं डाव्या हाताने. बहुतेकांचा हा हात अचूक नेम धरणारा नाही.

तर मापं बघा. गूगलच्या फोनसाठीच्या सूचनांत स्पर्शाची जागा किमान ४८ डीपी (स्क्रीनवरचं मोजमापाचं एकक), म्हणजे ढोबळमानाने ७.६ मिमी. गाडीसाठीच्या सूचनांत तीच ७६ डीपी, म्हणजे १२ मिमी. शर्टाचं साधं बटण साधारण ११ मिमीचं असतं. स्क्रीनवरचं चिन्ह आणि त्याभोवतीची मोकळी जागा मिळून शर्टाच्या बटणाहून लहान वाटली, तर खडबडीत रस्त्यावर नेम चुकणार हे गृहीत धरा.

नेम चुकतो तो हात हवेत तरंगत असतो म्हणून. स्क्रीनच्या खालच्या किंवा वरच्या कडेला चार बोटं किंवा अंगठा टेकवून एकच बोट हलवलं तर हात आणि स्क्रीन खड्ड्यात एकत्र उडतात. काही डॅशबोर्डांत स्क्रीनखाली मनगट टेकायला उंचवटा दिलेला असतो. काही स्क्रीन इतक्या तरंगत्या बसवल्यात की कड धरली की स्क्रीनच हलते. शोरूममध्ये कड धरून बघाच, सेल्समन चमकला तरी चालेल.

पामबीच_पॅसेंजर

सरिताताई, शर्टाच्या बटणाचं माप पाठ केलं. +१

डिफॉग_दादा

आता पहिल्या ढिगातलं सगळ्यात वाईट काम. आपल्या भागात चार महिने हेच चालतं, त्यामुळे सविस्तर लिहितो.

काच धूसर झाली की आधी बोटाने आतून एक रेघ मारायची. रेघ उमटली तर बाष्प आतल्या बाजूला आहे. नाही उमटली तर बाहेर. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. डिफॉगचं बटण आंधळेपणाने दाबून फसतात ते इथेच.

आतून बाष्प : चार माणसं, ओल्या छत्र्या, आणि धूर आत येऊ नये म्हणून हवा आतल्या आत फिरवायचं चिन्ह चालू. श्वासातली ओल बाहेर जायला वाट नाही. करायचं असं : एसी चालू, आतली हवा फिरवणं बंद करून बाहेरची हवा, वाऱ्याची दिशा समोरच्या काचेवर, पंखा वरच्या पातळीवर, तापमान २४-२६. इथे एसी हवा सुकवण्यासाठी लागतो, थंड करण्यासाठी नाही. बाहेर भर पावसात हवा दमट असली तरी एसीच्या गार जाळीवरून जाताना तिची ओल गळून पडते. समोरच्या काचेचं डिफॉग बटण दाबल्यावर हे सगळं एकदम व्हायला हवं.

बाहेरून बाष्प : जुलैतल्या रात्री इथला दवबिंदू २४-२५ अंशांपर्यंत चढतो. एसी १८ वर आणि वारा काचेवर, म्हणजे काच त्याच्या खाली गार होते आणि बाहेरची हवा तिच्यावर निथळते. इथे डिफॉग आणखी जोरात केलं की काच आणखी गार आणि आणखी पांढरी. उपाय : वायपर एकदा फिरवा, वारा काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायांकडे, तापमान २६ पर्यंत चढवा.

आता हेच स्क्रीनवर मोजा. गाणी किंवा नकाशा उघडा असताना एसीचा पडदा उघडणं एक स्पर्श, दिशा बदलणं एक, आतली हवा बंद एक, तापमान १८ वरून २६ म्हणजे अर्ध्या-अर्ध्या अंशाने १६ टिचक्या किंवा एक सरकपट्टी, जी खड्ड्यात थेट ३० वर जाते. नॉब असता तर एक वळसा.

इलेक्ट्रिक गाडीतली आणखी एक खोच. इंजिनाची फुकटची उष्णता नाही, त्यामुळे गरम हवेसाठी हीटर किंवा हीट पंप बॅटरीतूनच वीज घेतो. रेंज वाचवायला इको मोड कॉम्प्रेसरला आखडता हात घ्यायला लावतो. ऐरोलीच्या पुलावर काच साफ झाली आणि दिघ्याला पुन्हा धुरकटली, तर पावसाळ्यात इको मोडमधलं एसीचं कलम वेगळं बंद करता येतं का ते सेटिंगमध्ये बघा. बऱ्याच गाड्यांत ड्राइव्ह मोड आणि एसीचा इको हे दोन वेगळे पर्याय असतात आणि वेगवेगळ्या मेनूत लपलेले असतात.

स्क्रीनप्रेमी_ऐरोली

रेघेची युक्ती माहीत नव्हती. पण मग व्हॉइस कमांड आहे ना? 'समोरची काच साफ कर' म्हटलं की झालं.

सर्किटवाला

झालं, जर कमांड गाडीतच समजत असेल तर. मोकळ्या बोलीतल्या कमांड बहुतेक वेळा इंटरनेटवरून सर्व्हरला जातात. पोडियम पार्किंगच्या पी२-पी३ पातळीवर, पारसिक डोंगराच्या कडेला, बोगद्यात नेट गेलं की मोकळी बोली बंद. उरतात त्या पाठ करून म्हणायच्या ठरावीक कमांड. फोनचं नेट बंद करून आणि गाडीचं सिम असेल तर बेसमेंटमध्ये नेऊन कुठल्या कमांड चालतात ते एकदा तपासा आणि तेवढ्याच वापरा. दुसरं म्हणजे, डिफॉग लागतं तेव्हा पंखा पूर्ण जोरात असतो, छतावर पाऊस वाजत असतो, मागे मुलं असतात. माइकला नेमकं तेव्हाच ऐकू येत नाही.

काचवाला_नौपाडा

स्क्रीन स्वतः कशी बिघडते त्यावर थोडं.

काचेखाली पारदर्शक वाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आलं की त्या जागची धारिता बदलते आणि स्पर्श कळतो. पाण्याचा थेंबही तसाच दिसतो. खिडकी उघडून पावसात पार्किंगची पावती घेतली आणि शिंतोडे स्क्रीनवर पडले की पानं आपोआप उलटतात. घामेजल्या बोटाची रेघ मागे राहिली तर पुढचा स्पर्श लांबलचक वाटतो, टिचकी मारायची आणि सरकपट्टी हलायची. हँड सॅनिटायझर लावून लगेच स्पर्श केला तरी तेच.

उन्हात उभी गाडी : उघड्या पार्किंगमध्ये डॅशबोर्ड हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. स्क्रीनचा संगणक स्वतःला वाचवायला आधी उजेड कमी करतो, मग वेग. दुपारी स्क्रीन अंधूक आणि मंद वाटली तर बिघाड समजून लगेच सर्व्हिस सेंटर गाठू नका. काचेवर आतून चंदेरी पडदा लावा, निघण्याआधी ॲपवरून एसी पाच-दहा मिनिटं लावा, स्क्रीन निवू द्या.

पोलरॉइड गॉगल : एलसीडीतून येणारा प्रकाश एकाच दिशेत ध्रुवित असतो. गॉगलची दिशा आणि ती काटकोनात आली की स्क्रीन काळी. टेस्ट ड्राइव्हला स्वतःचा गॉगल घेऊन जा. डोकं तिरकं केल्यावर उजेड बदलला तर हेच कारण.

पुसायला : गाडी बंद किंवा 'स्क्रीन साफ' मोड असेल तर तो चालू, मायक्रोफायबर किंचित ओला करून, मग कोरडा. पाणी थेट स्क्रीनवर फवारायचं नाही, कडेतून आत जातं. अमोनियावालं खिडकीचं लिक्विड नको, चकाकी कमी करणारा थर त्याने उडतो. डाग-डाग पडलेली स्क्रीन बहुधा याच कारणाने असते.

बॅटरीभाऊ_तुर्भे

स्क्रीन अडकली तर : गाडी बाजूला घेऊन पी (पार्किंग) मध्ये. बऱ्याच गाड्यांत स्क्रीनचं पॉवर किंवा होम बटण १०-१५ सेकंद दाबून धरलं की ती पुन्हा सुरू होते. टेस्लात स्टिअरिंगवरची दोन्ही गोल चाकं एकत्र दाबून स्क्रीन काळी होईपर्यंत धरायची. आपल्या गाडीची पद्धत मॅन्युअलमधून कागदावर लिहून ठेवा. मॅन्युअल स्क्रीनमध्येच असेल तर काय होतं ते सांगायला नको.

वारंवार होत असेल तर सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. स्क्रीन, कुलपं, सगळे संगणक तिच्यावर उठतात. ती मंदावली की एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच इशारे एकदम येतात, कॅमेरा काळा दिसतो, चावी ओळखत नाही. गाडी लॉक करून दोन तास ठेवा, मग मल्टीमीटर : लेड-ॲसिड असेल तर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी 'रेडी' केल्यावर १३.५ ते १४.५ दिसलं तर मोठ्या बॅटरीतून तिला चार्ज करणारा कन्व्हर्टर ठीक आहे. लिथियमची १२ व्होल्ट बॅटरी असेल तर हे आकडे लागू नाहीत. पार्किंग मोडवाला डॅशकॅम थेट जोडला असेल तर पहिला संशय त्याच्यावर. नारिंगी (उच्च दाबाच्या) केबलना हात लावायचा नाही, वॉरंटीत असेल तर टर्मिनलही सोडायचं नाही.

अपडेट : बेसमेंटमध्ये सिग्नल नसतो, गाडी वर मोकळ्यात आणून फोनच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करा, इन्स्टॉल गाडी उभी असतानाच. या वेळात गाडी चालत नाही, म्हणून पहाटेचं विमान असेल त्या रात्री नको. झाल्यावर निघण्याआधी खालच्या पट्टीतली चिन्हं, रीजनची पातळी आणि लेन-असिस्टसारख्या गोष्टी होत्या तशाच आहेत का ते बघा. रीजन 'जास्त'वरून 'कमी'वर गेलं असेल तर पाय सोडल्यावर गाडी नेहमीच्या जागी थांबत नाही, आणि हे मुंब्रा बायपासच्या उतारावर कळणं बरं नव्हे.

कोपरखैरणे_सेक्टर

कंपन्या काही शिकतायत का, की असंच चालणार?

घोडबंदर_शून्य_किमी

थोडं शिकतायत. फोक्सवॅगनने आयडी.३ मध्ये स्क्रीनखाली आवाज आणि तापमानाच्या स्पर्श-पट्ट्या दिल्या, त्यांना रात्री दिवाच नव्हता. पुढच्या गाड्यांत दिवा आला आणि नंतर आवाज, तापमान, पंखा, हॅजार्ड यांची खरी बटणं परत आणायचं कंपनीने जाहीर केलं. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासूनच्या गुणपद्धतीत इंडिकेटर, हॅजार्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना वेगळी बटणं किंवा दांड्या असाव्यात असा आग्रह धरलाय. आपलं भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून आहे, पण त्यात बटणांची परीक्षा नाही. म्हणून आपली आपणच घ्यायची.

(अवांतर : अमेरिकी नौदलानेही हेच केलं. २०१७ च्या 'जॉन एस. मॅककेन' युद्धनौकेच्या टकरीत १० खलाशी गेले. चौकशीत टचस्क्रीनवरच्या सुकाणू-नियंत्रणातला गोंधळ पुढे आला, आणि २०१९ मध्ये थ्रॉटलचे खरे दांडे परत बसवायचं ठरलं.)

आत्तापर्यंतच्या प्रतिसादांवरून टेस्ट ड्राइव्हची पद्धत अशी. आधी चालवायचीच नाही. गाडी शोरूमसमोर उभी, तुम्ही चालकाच्या जागी, नेहमीच्या अंतरावर सीट लावून. शेजारी घरचं माणूस, हातात फोनचं स्टॉपवॉच. स्क्रीनवर नकाशा उघडा ठेवा. होम स्क्रीनवरून सगळंच सोपं दिसतं आणि सेल्समन तिथूनच दाखवतो. नजर काचेपलीकडे शोरूमच्या पाटीवर, आणि शेजारच्याने एकेक काम सांगायचं : वायपर एकदा, वायपर जोरात, समोरचं डिफॉग, आतली हवा बंद, तापमान चार अंश वर, पंखा दोन पातळ्या खाली, हॅजार्ड, आवाज बंद, रीजन एक पातळी कमी. न बघता जमलं तर बरोबर. एकदा बघून जमलं तर किती सेकंद ते लिहा. दोनदा बघावं लागलं किंवा मेनूत शिरावं लागलं तर फुली. डिफॉगला किंवा वायपरला फुली आली तर मी त्या गाडीचा विचार थांबवेन. रीजनला फुली आली तर चालवून घेईन, ते एकदा लावून सोडता येतं.

मग गिअर रिव्हर्समध्ये टाकून मागचं चित्र यायला किती वेळ लागतो ते बघा. अमेरिकेच्या नियमात २ सेकंदांची मर्यादा आहे. गाडी नुकतीच चालू करून लगेच रिव्हर्स टाका, स्क्रीन तेव्हाच सुस्त असते. शेवटी संध्याकाळी परत जा आणि स्क्रीनचा उजेड सगळ्यात कमी करून बघा. घोडबंदरला कासारवडवलीच्या पुढे किंवा पामबीचच्या अंधाऱ्या पट्ट्यात १५ इंची पांढरी स्क्रीन म्हणजे काचेत दुसरी स्क्रीन दिसते. एका स्पर्शात पूर्ण काळी करता यायला हवी.

सरिता_खारघर

यात एक घाला : उजवीकडच्या आरशाचं समायोजन. काही गाड्यांत आरशाचा मेनू स्क्रीनवर आणि हालवणं स्टिअरिंगच्या बटणांनी. घरात दोन चालक असतील तर प्रोफाइलमध्ये आरसे साठवले जातात का ते विचारा. 'सीट साठवते' म्हणतात, आरसे साठवतेच असं नाही.

कोपरखैरणे_सेक्टर

बाहेरून चिकटवायची ब्लूटूथ बटणं मिळतात ती कशी? आणि स्टिअरिंगवरच्या स्टारच्या बटणाला (ज्याला आपल्या पसंतीचं काम देता येतं) डिफॉग देता येतं का?

सर्किटवाला

त्यातली बरीच गाडीच्या निदान-सॉकेटमध्ये एक डबी लावून आतल्या नेटवर्कवर निरोप टाकतात. वॉरंटीचा वाद झाला तर पहिलं बोट त्या डबीकडे जाणार, आणि अपडेटनंतर बंद पडणारंही तेच. मी लावणार नाही. स्टारच्या बटणाला बहुधा कॅमेरा, म्यूट, आवडतं गाणं, ड्राइव्ह मोड एवढंच देतात. डिफॉग यादीत असेल तर आधी तेच द्या.

डिफॉग_दादा

यादीत नसेल तर स्वस्तातला उपाय. कपाटाच्या दाराचा आवाज होऊ नये म्हणून लावतात ते पारदर्शक सिलिकॉनचे ठिपके हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ६-८ मिमीचा घ्यायचा. डिफॉगचं चिन्ह खालच्या कायमच्या पट्टीत असेल तर त्याच्या बरोबर खाली, काचेच्या बाहेर, चौकटीवर एक चिकटवायचा. जागा आधी कोरड्या कापडाने पुसून. काचेवर लावू नका, सरकवताना बोट अडकतं. मग अंगठा चौकटीवरून फिरवत ठिपक्यावर थांबवायचा आणि वरचं बोट टेकवायचं. बघावं लागत नाही.

चिन्ह पट्टीत कायम नसेल, मेनूत असेल, तर ठिपक्याचा उपयोग नाही.

पामबीच_पॅसेंजर

आणि अपडेटमध्ये चिन्ह सरकलं तर?

डिफॉग_दादा

पाकिटात बरेच ठिपके येतात.